काच गळते की गळली?

"एक फोन! फक्त एक फोन करतो, आणि मग बघ कंपनीची माणसं कशी धावत येतात ते!"

छत्रीशेठनी हे वाक्य इतक्या जोरात टाकलं की शेडमधली सगळी शिलाई मशीनं क्षणभर थांबली. मशीनवरच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि पुन्हा पाय चालवायला सुरुवात केली. शेठ असं बोलले की पुढचे चार दिवस करमणुकीचे जातात, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं.

छत्रीशेठ हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. घरामागच्या लांबट शेडमध्ये त्यांचा छत्र्यांचा कारखाना होता, म्हणून सगळा बाजार त्यांना त्याच नावाने ओळखायचा. शेडच्या दारावर मोठ्या अक्षरांत पाटी होती, 'आमची छत्री गळली तर दुसरी फुकट!' पाटी लावल्यापासून दुसरी छत्री मात्र कुणालाच मिळाली नव्हती. क्वचित कुणी 'छत्री गळते' म्हणून घेऊन आलंच, तर शेठ ती उघडून उन्हात धरत, एक डोळा बारीक करत आणि सांगत, "छत्री गळत नाही हो, धरणारा चुकतो! तुम्ही तिरकी धरली असणार." गिऱ्हाईक बिचारं मान तिरकी करून निघून जाई.

अशा या माणसाचा नवाकोरा ट्रक गळत होता!

ट्रक म्हणजे चार दारांचा, पुढे दोन सीटा, मागे एक लांब सीट, आणि त्यामागे माल टाकायला उघडा हौदा. केबिन आणि हौदा यांच्यामध्ये एक मोठी काच. पाऊस आला की त्या काचेच्या वरच्या कडेतून पाणी आत यायचं, आणि यायचं तेही नेमकं मागच्या सीटवर बसणाऱ्याच्या मानेवर. मागच्या सीटवर बहुतेक वेळा शेठची आई बसे. पहिल्या दिवशी तिने ओरडून पाहिलं. दुसऱ्या दिवशी तिने कुणालाही न विचारता सीटखालची एक छत्री काढली आणि गाडीतच उघडून बसली. ट्रक भर बाजारातून चालला होता. छत्रीवाल्याच्या गाडीत छत्रीवाल्याची आई छत्री उघडून बसलीय, हे दृश्य पाहायला लोक दुकानांतून बाहेर आले!

एरवी शेठनी हे हसण्यावारी नेलं असतं. पण शुक्रवारी हॉटेलवाल्या बाई येणार होत्या. बाई म्हणजे एका मोठ्या हॉटेलच्या खरेदी अधिकारी. हॉटेलच्या हिरवळीवर टेबलांवर लावायच्या मोठ्या छत्र्या आणि पाहुण्यांसाठी हातातल्या छत्र्या, सगळ्या एकाच ठिकाणाहून घ्यायच्या असं त्यांनी ठरवलं होतं. हे काम मिळालं, तर शेडमधली सगळी मशीनं वर्षभर चालणार होती. नाही मिळालं, तर निम्म्या मशीनांवर कापड टाकून ठेवावं लागणार होतं, आणि त्यावर बसणाऱ्या बायकांना घरी. बाईंना स्टेशनवरून ट्रकनेच आणायचं होतं. आता छत्र्या विकत घ्यायला आलेल्या बाईंच्या मानेवरच पाणी पडलं, तर पुढे बोलायला काय राहिलं?

"मी काय म्हणते," शेठची बायको म्हणाली, "आपल्या शिवणीचं सोल्यूशन आहे ना, ते फिरवते काचेच्या कडेने. पाच मिनिटांचं काम."

हे सोल्यूशन म्हणजे छत्रीच्या शिवणीवर लावायचं काळं, चिकट रसायन. ते तीच घरी आटवायची. त्यात काय किती घालायचं, हे तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ते हाताला लागलं की आठवडाभर निघत नसे.

"खबरदार!" शेठ ताडकन उठले. "गाडी वॉरंटीत आहे! बाहेरचा हात लागला की वॉरंटी संपली! कंपनीची काच, कंपनीची चूक, कंपनीच दुरुस्त करणार. आपण एक दमडी द्यायची नाही आणि एक बोट लावायचं नाही!"

"वॉरंट?" आतल्या खोलीतून आईचा आवाज आला. आईला ऐकू कमी यायचं, पण नको ते बरोबर यायचं. "कुणाच्या नावाने निघालंय?"

"वॉरंट नाही गं आई, वॉरंटी! टी!"

"चहा नंतर पिऊ. आधी सांग, केलंस काय तू?"

शेठनी कपाळावर हात मारला आणि फोन लावला.

"नमस्कार! आपली काय मदत करू?" पलीकडून एका मुलीचा फारच गोड आवाज आला.

"माझ्या ट्रकची मागची काच गळतेय."

"अरेरे! कुणाला लागलं तर नाही ना, सर?"

"लागलं म्हणजे? आईच्या मानेवर पडलं की!"

"बापरे, मानेवर! शुद्धीवर आहेत ना त्या?"

"शुद्धीवर? अहो, दोन दिवस बोलणी खातोय मी तिची!"

"थँक गॉड! सर, काच पूर्ण गळली की थोडी अजून शिल्लक आहे?"

शेठनी फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे पाहिलं. "अहो, थोडी थोडी गळते. थेंब थेंब."

"काच... थेंब थेंब?" मुलीच्या आवाजातला गोडवा जरा कमी झाला. "सर, आपण कुठून बोलताय? आसपास कुणी जाणतं माणूस आहे का?"

"पाणी गळतं हो, पाणी! काच जागेवर आहे! काचेच्या कडेतून पाणी आत गळतं!"

"हां हां, समजलं. लिहून घेतलंय सर. 'मागची काच गळली.'"

"गळली नाही! गळते!"

"तेच ते सर. फक्त काळाचा फरक आहे," मुलगी म्हणाली आणि तिने शुभ दिवस चिंतून फोन ठेवला.

कंपनीची माणसं खरोखरच धावत आली! तासाभरात गल्लीच्या तोंडाशी एक क्रेन येऊन उभी राहिली. गल्ली अरुंद, क्रेन रुंद. दोन्हीकडच्या लोकांनी खिडक्या उघडल्या. क्रेनवाला खाली उतरला आणि त्याने विचारलं, "मोडलेली गाडी कुठाय? आणि ती म्हातारी बाई दवाखान्यात नेली का?"

म्हातारी बाई दारातच उभी होती. तिने क्रेन पाहिली, क्रेनवाल्याचा खाकी शर्ट पाहिला, आणि मुलाच्या नावाचं वॉरंट निघालंय याबद्दल तिची पक्की खात्री झाली. "माझा मुलगा घरी नाही!" तिने ठणकावून सांगितलं. मुलगा तिच्याच मागे उभा होता. क्रेन मागे घ्यायला अर्धी दुपार गेली. तेवढ्या वेळात शेठनी अख्ख्या गल्लीला 'गळते' आणि 'गळली' यांतला फरक समजावून सांगितला. लोकांनी तो शांतपणे ऐकून घेतला, कारण क्रेनमुळे कुणालाच कुठे जाता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शेठ स्वतःच ट्रक घेऊन कंपनीच्या वर्कशॉपमध्ये गेले. तिथले इंजिनिअर जाड चष्म्याचे, शांत स्वभावाचे. त्यांनी काचेवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "गाडीत किती माणसं असतात?"

"तीन. कधी चार."

"सगळी श्वास घेतात?"

"मग काय धरून बसतात?"

"तेच कारण. श्वासाने काचेला घाम येतो. वॉरंटीत घाम येत नाही, साहेब. गळती येते."

"अहो, ही गळतीच आहे! धार लागते धार!"

"ठीक आहे. मग दाखवा."

शेठ मागच्या सीटवर बसले, दारं बंद झाली, आणि बाहेरून एका माणसाने गाड्या धुवायचा जोरदार फवारा काचेवर सोडला. इतका आवाज झाला की शेठनी आधी डोळे मिटले. मग एक उघडला. मग दुसरा. मान वर करून, तोंड उघडं टाकून ते काचेच्या कडेकडे बघत राहिले. आता येईल. आता येईल! फवारा उजवीकडून आला, डावीकडून आला, वरून आला. काच कोरडी. सीट कोरडी. शेठचा घसाही कोरडा.

"एक थेंब नाही," इंजिनिअरनी दार उघडून जाहीर केलं. "या फवाऱ्याने चांगल्या चांगल्या गाड्या पाझरतात. तुमच्या काचेसारखी घट्ट काच मी अजून पाहिली नाही."

"पण काल गळत होती हो! देवाशपथ!"

"काच गळत नाही, साहेब," इंजिनिअर चष्मा पुसत म्हणाले, "बघणारा चुकतो."

हे वाक्य शेठनी कुठेतरी ऐकलं होतं. कुठे ते घरी येऊन शेडच्या दारावरची पाटी दिसेपर्यंत आठवलं नाही, आणि आठवल्यावर त्यांनी पाटीकडे पाहायचं टाळलं.

त्या संध्याकाळी पाऊस पडला. शेठ मागच्या सीटवर जाऊन बसले. पाऊस थांबेपर्यंत बसले. एक थेंब नाही! मग त्यांनी अंगणातल्या नळाला पाइप लावला. मग बादल्या. मग हौद्यात स्टूल ठेवून त्यावर चढून घागरीने. बायको शेडच्या दारात उभी राहून हे सगळं बघत होती. तिचा चेहरा फार विचित्र झाला होता, जणू शिंक येतेय आणि ती दाबून धरलीय.

"गळत नाही ना? मग झालं की!" ती म्हणाली.

"झालं काय? मी खोटा ठरलो! क्रेन आली, इंजिनिअरसमोर शोभा झाली, आणि ही बया आता साळसूदपणे कोरडी बसलीय!"

"कोरडी आहे तर बरंच आहे. शुक्रवारी बाई येतील, बसतील, उतरतील. संपला विषय."

"तुला ही काच कळली नाही," शेठ दबक्या आवाजात म्हणाले, काच ऐकत असल्यासारखं. "लबाड आहे. कंपनीसमोर गळणार नाही, माझ्यासमोर गळणार नाही. नेमकी शुक्रवारी बाईंच्या मानेवर गळणार! तेव्हा माझ्या बायकांना मी काय तोंड दाखवू?"

"तुमच्या बायकांना?"

"शेडमधल्या गं! मशीनवरच्या!"

बायकोने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण शेठ फोन लावून मोकळे झाले होते. पुढे दोन दिवस ते कंपनीला फोन लावतच राहिले. सकाळी लावत, जेवताना लावत, आंघोळीला जाताना लावत. शेवटी कंटाळून इंजिनिअर म्हणाले, "शुक्रवारी सकाळी घरी येतो. एकदाच येतो. गळली तर नवी काच, नाही गळली तर पुन्हा फोन करायचा नाही." शेठनी विजयाने फोन ठेवला.

शुक्रवार उजाडला तो पावसातच. शेठनी पहाटे उठून पाहिलं. काच कोरडी! इंजिनिअर यायची वेळ झाली. काच कोरडीच! शेठ अंगणात येरझाऱ्या घालू लागले. गळती होती, हे शंभर टक्के खरं होतं. आईची मान साक्षीला होती. मग खऱ्या गोष्टीला थोडी मदत केली, तर त्यात पाप काय? पाण्याची वाट कुठेतरी तुंबली असणार. ती जराशी मोकळी करून दिली की झालं.

त्यांनी शेडमधून बागेच्या छत्रीचा लांब दांडा उचलला आणि ट्रकच्या मागच्या सीटवर गुडघे टेकून, दांड्याचं टोक काचेच्या वरच्या रबरात घातलं. हलकेच ढकललं. काही झालं नाही. रबर कसलं, लोखंड होतं! थोडा जोर लावला. तरी नाही. मग त्यांनी पाय पुढच्या सीटला रेटले, दांडा दोन्ही हातांत धरला आणि खांद्याने जोर दिला.

इकडे पुढच्या दारात इंजिनिअर येऊन उभे राहिले होते. छातीवर कंपनीचं नाव, डोक्यावर टोपी. "नमस्कार. वॉरंटीसाठी आलोय. शेठ आहेत का?"

"नाहीत!" आई म्हणाली.

"कधी येतील?"

"येणार नाहीत! गावाला गेलेत!"

"अहो, त्यांनीच बोलावलंय मला."

"असं कसं बोलावतील? वॉरंट घेऊन आलेल्याला कुणी बोलावतं का? भला माणूस आहे हो माझा मुलगा, मुंगीलाही त्रास देत नाही. कधी कुठे काही मोडलं नाही त्याने, कधी..."

खळ्ळकन आवाज झाला! केवढा तरी मोठा!

इंजिनिअर आणि त्यांच्यामागे आई, दोघं घराला वळसा घालून अंगणात आले. शेडमधून बायको आणि मशीनवरच्या सगळ्या बायका धावत आल्या. हौदा काचेच्या बारीक तुकड्यांनी भरला होता. मागच्या काचेच्या जागी एक मोठं, स्वच्छ भोक होतं, आणि त्या भोकातून छत्रीचा दांडा हातात धरलेले शेठ कमरेपर्यंत बाहेर आले होते. पाऊस सरळ आत पडत होता.

इंजिनिअरनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "काय तक्रार होती आपली? गळते?"

"गळली," शेठ म्हणाले.

इंजिनिअरनी दांड्याकडे एकदा पाहिलं, शेठकडे एकदा पाहिलं, आईला नमस्कार केला आणि निघून गेले. "बघ, गेला," आई समाधानाने म्हणाली. "मी घालवला."

शेठ हौद्याच्या कडेवर बसले. त्यांच्या हातातला दांडा खाली पडला. बाईंची गाडी तासाभरात स्टेशनात येणार होती. सगळ्यात म्हाताऱ्या शिवणारणीने खाली बघत विचारलं, "म्हणजे आता काम यायचं नाही का हो, शेठ?" आपल्या हट्टापायी या सहा जणींच्या पोटावर पाय आला, या विचाराने त्यांना खरंच रडू यायला लागलं होतं.

"रडताय काय!" बायकोने पदर खोचावा तशा बाह्या वर सारल्या. "तुम्ही तुकडे झाडा. एक तुकडा सीटवर राहता कामा नये. आणि गं, तुम्ही दोघी ते बागेच्या छत्रीचं लाल-पिवळ्या पट्ट्यांचं कापड आणा, मोठा तुकडा. तू सोल्यूशनचा डबा आण. चला!"

"बाहेरचा हात..." शेठ सवयीने पुटपुटले.

बायकोने नुसतं पाहिलं. शेठनी झाडू घेतला.

अर्ध्या तासात काम झालं. काचेच्या जागी लाल-पिवळ्या पट्ट्यांचं कापड ताणून, कडेने काळं सोल्यूशन लावून, घट्ट बसवलं. एखाद्या सर्कशीच्या तंबूला चाकं लावावीत तसा ट्रक दिसत होता. बायको म्हणाली, "मीही येते." शेठ नाही म्हणायच्या परिस्थितीत नव्हते.

हॉटेलवाल्या बाई उंच, नीटनेटक्या आणि कमी बोलणाऱ्या निघाल्या. त्या मागच्या सीटवर बसल्या, बायको त्यांच्या शेजारी. शेठ गाडी चालवत होते आणि आरशातून बाईंच्या मानेकडे बघत होते. पाऊस नुसता कोसळत होता. ट्रकने वेग घेतला की कापड बाहेर फुगायचं. ब्रेक लावला की आत फुगायचं आणि बाईंच्या डोक्यावर हलकेच थोपटल्यासारखं करायचं. पहिल्या वेळी बाईंनी मागे वळून पाहिलं. दुसऱ्या वेळी केस नीट केले. तिसऱ्या वेळी विचारलं.

"हे काय आहे?"

"नवी पद्धत आहे!" शेठ घाईघाईने म्हणाले. "हवा खेळती राहते! आता मोठमोठ्या गाड्यांना..."

"काच फुटली सकाळी," बायको म्हणाली. "हे आमच्या बागेच्या छत्रीचं कापड."

शेठनी दात-ओठ खाल्ले. बाईंनी कापडाला हात लावला. आतून कोरडं. कडेला लावला. तिथेही कोरडं.

"कापड सगळ्यांचंच बरं असतं," बाई सावकाश म्हणाल्या. "घात करते ती शिवण. याआधी चार ठिकाणच्या छत्र्या घेतल्या आम्ही. सगळ्या शिवणीतून गळल्या. पाहुण्यांच्या ताटात पाणी! दाखवताना सगळेच कोरडं दाखवतात. खरा मारा बसल्यावर काय, ते कुणी सांगत नाही."

आता छत्र्या कशा धरायच्या हे सांगावं, म्हणून शेठनी घसा साफ केला. पण बायको आधी बोलली.

"खरा मारा सांगू का बाई? ही गाडी मुळात कंपनीकडूनच गळकी आली होती. पाणी यायचं ते सासूबाईंच्या मानेवर. क्रेन आली त्या दुपारी सगळी गल्ली क्रेन बघत होती, आणि हे गल्लीला व्याकरण शिकवत होते. तेवढ्या वेळात मी मागच्या मागे जाऊन काचेच्या कडेने आमचं शिवणीचं सोल्यूशन फिरवलं. काळ्या रबरावर काळं, कुणाला दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या इंजिनिअरने त्यावर गाड्या धुवायचा फवारा मारला. एक थेंब आत आला नाही! अशी घट्ट काच अजून पाहिली नाही म्हणाले. नंतर यांनी घागरीने पाणी ओतलं. तरी नाही! शेवटी आज यांनी दोन्ही पाय रेटून, लोखंडी दांड्याने..."

ट्रक रस्त्याच्या मधोमध उभा राहिला! मागच्या गाड्यांनी एकच गोंगाट केला. कापड आत फुगलं आणि बाईंच्या डोक्यावर बसलं.

"तू लावलंस?" शेठ पूर्ण मागे वळले होते. "तू? आणि मी चार दिवस... घागरीने... अगं, मला सांगितलं का नाहीस?"

"सांगणार होते. तुम्ही फोनवरून खाली याल तर ना!"

"पण मी बजावलं होतं! बाहेरचा हात लागला की वॉरंटी..."

"हो, बजावलं होतंत," बायको शांतपणे म्हणाली. "बाहेरचा हात लावायचा नाही. मग? मी काय बाहेरची आहे?"

मागे हॉर्न वाजत होते. शेठचं तोंड उघडंच राहिलं होतं, वर्कशॉपमध्ये राहिलं होतं तसंच. एवढी वर्षं शेडच्या दारावरची पाटी कुणाच्या जिवावर टिकली होती, ते त्यांना भर रस्त्यात उमगलं. आणि त्यांना फार म्हणजे फारच ओशाळल्यासारखं झालं.

तेवढ्यात एक अनोळखी आवाज आला. हॉटेलवाल्या बाई हसत होत्या! डोक्यावरचं कापड बाजूला सारत, डोळे पुसत हसत होत्या. "दोन्ही पाय रेटून?" त्यांनी विचारलं.

"दोन्ही," शेठ पडेल आवाजात म्हणाले.

"आणि तरी सोल्यूशन सुटलं नाही?"

"नाही हो! काच फुटली, पण ते सुटलं नाही. कडा अजून रबराला तशीच चिकटून आहे!"

"चला मग," बाई म्हणाल्या. "शेड बघायची गरज नाही, पण त्या तुमच्या सासूबाईंना भेटायचंय. आणि सगळ्या छत्र्यांच्या शिवणींना हेच लावायचं. एकही वगळायची नाही."

शेडमध्ये त्या दिवशी मशीनं इतक्या जोरात चालली की आईलासुद्धा ऐकू गेली. म्हाताऱ्या शिवणारणीने शेठच्या बायकोचे दोन्ही काळे पडलेले हात हातात घेतले आणि बराच वेळ सोडलेच नाहीत. काही अंशी ते सोल्यूशनमुळेही असेल.

संध्याकाळी सगळं शांत झाल्यावर शेठच्या आतला शेठ पुन्हा हळूच जागा झाला. काही झालं तरी गाडी वॉरंटीत होती! त्यांनी बायको शेडमध्ये गेलेली पाहून फोन उचलला.

"नमस्कार! आपली काय मदत करू?" तोच गोड आवाज.

"माझ्या ट्रकची... मागची काच गळली."

"एक मिनिट हं सर." पलीकडे बटणं वाजली. "हो, आहे की. मागची काच गळली. आमच्याकडे पहिल्या दिवसापासून तेच लिहिलंय. तेव्हा काळाचा फरक होता, आता तोही राहिला नाही!"

"मग मिळेल नवी काच?" शेठ हरखून म्हणाले.

"का नाही? फक्त एक सांगा सर. काचेला बाहेरचा कुणाचा हात लागला नव्हता ना?"

शेठनी वळून पाहिलं. बायको सोल्यूशनचा डबा घेऊन मागे उभी होती, कधीपासून कोण जाणे.

"बाहेरचा?" शेठ कसनुसं हसले. "छे हो, बाहेरचा कसा लागेल? लागले ते सगळे घरचेच!"

पलीकडची मुलगी अगदी गोड आवाजात म्हणाली, "सर, जरा इंजिनिअरसाहेबांना देते हं फोन. ते आज तुमच्याकडेच आले होते ना?"

शेठनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि फोन मुकाट्याने आईच्या हातात दिला.

"तो घरी नाही!" आई फोनमध्ये ओरडली. "गावाला गेलाय!"